हिमोग्लोबिन ७.४ ला घाबरू नका, आधी श्वास मोजा : सिकलसेलची एक केस

मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं की केस प्रेझेंटेशनला नर्सिंगच्या सगळ्या मुली डायबेटिस नाहीतर सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) उचलतात. सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी वाकड्या होणाऱ्या आणि आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, पेशंट समोरच्या बेडवर असतो पण त्याच्याकडे कोणी जात नाही, कारण रक्ताचं चॅप्टर म्हणजे डोक्याला ताप असं सीनियरनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. पण विदर्भात नोकरी करणार असाल, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर कुठेही, किंवा तिकडे नंदुरबार-धुळ्याला, तर हा पेशंट दर पावसाळ्यात आणि दर थंडीत तुमच्या वॉर्डात येणारच आहे. म्हणून एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिते. ही एकच पेशंट नाही, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींची मिळून केलेली केस आहे, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका.

तर मुलगी वय २०, वजन ४२ किलो, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, गाव धानपट्ट्यातलं. जुलै संपत आलेला, रोवणीचे दिवस. दोन दिवस आईबरोबर बांधीत वाकून रोवणी केली, वरून पाऊस, पाय दिवसभर पाण्यात, आणि बायामाणसांची नेहमीची अडचण की शेतात लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही मांड्या, कंबर आणि दंड दुखायला लागले. पीएचसीत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतलं, उतार नाही, मग दुपारी आपल्याकडे कॅज्युअल्टीतून वॉर्डात आली. आई म्हणाली, "सिस्टर, रातभर रडून रायली पोरगी, हात लावू देत नाही आंगाले." सिकलसेलचं कार्ड पिशवीत होतं, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला आजार, याआधी तीन वेळा ॲडमिशन, एकदा रक्त चढवलेलं.

बघा, हिस्ट्रीतच सगळं आहे. थंडी, भिजणं, पाणी कमी, अंगमेहनत. यातलं एक पुरतं, हिच्याकडे चारही होते. हिस्ट्री घेताना "ताप आहे का, खोकला आहे का" विचारून थांबू नका, मागच्या दोन-तीन दिवसांत काय काम केलं आणि किती पाणी प्यायलं ते विचारा. आणि पाळी कधी आली, दिवस गेलेत का हेही विचारा, आई समोर नसताना.

आता रक्तात नक्की होतं काय ते आधी घेऊ, म्हणजे पुढचं घोकावं लागणार नाही. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड असायला हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसलं की झालं हिमोग्लोबिन एस. एवढाच फरक. ऑक्सिजन भरपूर असेपर्यंत हे एस निमूट असतं, ऑक्सिजन सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सुरुवातीला ती परत सरळ होते, पण असं पुन्हापुन्हा झालं की पडदा खराब होतो आणि मग ती वाकडीच राहते. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. म्हणजे एकाच वेळी दोन भानगडी चालू असतात, पेशी फुटतात म्हणून ॲनिमिया आणि कावीळ, आणि पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून दुखणं. हाडाला रक्त पोचत नाही म्हणून ते दुखतं, नुसतं "अंग दुखतं" असं ते नसतं हो. हार्ट अटॅकमध्ये छातीत जे होतं तेच इथे मांडीच्या हाडात होत असतं, पण हार्टच्या पेशंटला कोणी "नाटक करते" म्हणत नाही.

हे नाटकाचं मुद्दाम लिहिते कारण वॉर्डात ऐकू येतं. मुलगी मोबाईल बघत होती, मग दहापैकी नऊ दुखतंय कसं सांगते? अहो, लहानपणापासून दुखण्याबरोबर राहिलेली माणसं दुखत असतानाही मोबाईल बघतात, हसतात, झोपतात पण. सिकलसेल क्रायसिसला, म्हणजे या अशा अचानक उठणाऱ्या दुखण्याला, सिद्ध करणारी कुठलीच टेस्ट नाही, एक्सरे नॉर्मल, पल्स कधी वाढलेली कधी नाही. पेशंट सांगेल तोच पेन स्कोअर, चार्टवर तोच लिहायचा, त्यात आपल्या मनाने दोन कमी करायचे नाहीत.

हिचा स्कोअर १० पैकी ९ होता. टेम्परेचर ९९.४, पल्स ११२, बीपी ११०/७०, सॅच्युरेशन रूम एअरवर ९६, आणि रेस्पिरेशन, म्हणजे मिनिटाला श्वास, २०. हा २० लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

पेनकिलर आल्यापासून तासाभराच्या आत जायला हवी असं सिकलसेलच्या गाइडलाइन सांगतात. ॲडमिशन पेपर, बेड, नातेवाइकाची सही हे सगळं नंतर. हिला पॅरासिटामॉल आणि मॉर्फीन ४ मिलिग्रॅम हळूहळू आयव्ही अशी ऑर्डर होती, किलोला ०.१ मिलिग्रॅम धरलं तर ४२ किलोला ४.२, म्हणजे साधारण तेवढंच येतं, हे गणित स्वतः करून बघत जा. मॉर्फीन कुलुपात असतं, रजिस्टरवर दोन सह्या लागतात, म्हणून रात्री टाळाटाळ होते आणि ट्रामाडॉलवर भागवतात. पेथिडीन मात्र नको, त्याचं जे शरीरात नॉरपेथिडीन होतं ते साठून फिट येऊ शकते. डोस दिल्यावर अर्ध्या तासाने परत स्कोअर, सेडेशन (गुंगी) किती आहे आणि श्वास किती ते बघायचं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं वारंवार नकोत, सिकलसेलमध्ये किडनी आधीच मार खात असते. शेकायचं असेल तर गरम पिशवी, बर्फ अजिबात नाही, थंडीने रक्तवाहिन्या आवळतात.

संध्याकाळी रिपोर्ट आले आणि इथे गोंधळ सुरू झाला. हिमोग्लोबिन ७.४. मुलीचे मामा बाहेरून धावत आले, "मॅडम, रक्त कमी हाय तिचं, दोन बाटल्या चढवून द्या ना." इंटर्नलाही तेच वाटत होतं. पण मागच्या डिस्चार्ज कार्डवर बघितलं तर बरी असताना तिचं ७.८ होतं. म्हणजे ही मुलगी ७.८ वर कॉलेजला जाते, सायकल चालवते, तिच्यासाठी ७.४ म्हणजे काही नाही. साध्या पेन क्रायसिसला रक्त द्यायचं नसतं. दिलं तर दुखणं थांबत नाही, आणि हिमोग्लोबिन १० च्या वर गेलं तर एसवालं रक्त घट्ट होऊन अडकणं वाढतंच. शिवाय दर पिशवीबरोबर अँटिबॉडी तयार व्हायचा धोका आहे, मग दहा वर्षांनी खरी गरज पडली की रक्त जुळतच नाही. म्हणून सिकलसेलच्या पेशंटला पहिला प्रश्न हा, की बरी असताना हिमोग्लोबिन किती असतं. जुनी कार्डं फेकू नका हे नातेवाइकांना दहा वेळा सांगा.

बाकीचे रिपोर्ट पण वाचण्यासारखे होते. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी, ११ टक्के, म्हणजे बोन मॅरो (हाडातला मगज) जोरात नवीन पेशी बनवतोय, हे चांगलं लक्षण. हिमोग्लोबिन एकदम खाली आणि रेटिकही एक टक्क्याच्या खाली असं दिसलं तर तो ॲप्लास्टिक क्रायसिस, बहुतेकदा पार्व्होव्हायरस बी१९ मुळे, मॅरो काही दिवस बंदच पडतो. आणि हिमोग्लोबिन दोनने पडलं, रेटिक चांगलं आहे, पोट डावीकडे फुगलंय, तर रक्त प्लीहेत, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या अवयवात, अडकलंय, याला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आकसून जाते, पण आपल्याकडच्या पेशंटमध्ये हिमोग्लोबिन एफ, म्हणजे पोटातल्या बाळात असतं ते, जास्त असतं म्हणून मोठेपणीही प्लीहा हाताला लागते, त्यामुळे "वीस वर्षांची आहे, सिक्वेस्ट्रेशन होणार नाही" असं धरून चालू नका.

डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, १६,८०० आले होते. इन्फेक्शन? थांबा. स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) १०० पांढऱ्या पेशींमागे १२ न्यूक्लिएटेड, म्हणजे केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशी होत्या, आणि काही मशीन त्यांना पांढऱ्यात मोजून टाकतात. १६,८०० ला १०० ने गुणायचं आणि ११२ ने भागायचं, १५,००० येतात. तरी जास्तच, पण क्रायसिसमध्ये तेवढे असतात. ईएसआर, म्हणजे नळीत लाल पेशी किती वेगाने खाली बसतात तो आकडा, ६. जुन्या नर्सेस ईएसआर कमी म्हणजे सगळं छान असं समजतात, सिकलसेलमध्ये तसं नाही, वाकड्या पेशी एकावर एक नीट रचल्याच जात नाहीत म्हणून त्या हळू बसतात आणि ईएसआर खोटा कमी येतो. बिलिरुबिन (पेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य) ३.६, त्यातलं इनडायरेक्ट ३.०, म्हणून डोळे पिवळे. आई "कावीळ उतरवून आणू का" विचारत होती, तिला नीट सांगितलं की ही लिव्हरची कावीळ नाही, पेशी फुटल्याची आहे, गळ्यात माळ घालून जाणार नाही.

पहिली रात्र बरी गेली. सलाइन चालू. इथे एक गोष्ट. सिकलसेल म्हणजे पाणी पाहिजे हे सगळ्यांना पाठ असतं म्हणून बाटल्यांवर बाटल्या सोडतात. ४२ किलोला चोवीस तासांचं नेहमीचं पाणी साधारण दोन लिटर, म्हणजे ताशी ८० मिली, २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला २७ थेंब. ऑर्डरमध्ये सहा बाटल्या होत्या, तीन लिटर, आणि वरून ती पीतही होती. पहिल्या दिवशी कोरडी पडलेली असताना ठीक, पण दुसऱ्या दिवशी पिणं सुरू झाल्यावर कमी करायला हवं होतं. इनटेक-आउटपुट चार्टवर तोंडाने घेतलेलं पाणी कोणी लिहितच नाही, ते लिहा, तुमच्या त्या आकड्यावर डॉक्टर बाटल्या कमी करतात.

आता तो २० घ्या. ॲडमिशनला २०, रात्री दहाला २०, सकाळी सहाला २०, दुपारी दोनला २०. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन) चार्ट काढा, सगळ्या बेडचं रेस्पिरेशन १८ नाहीतर २० असतं. टेम्परेचरला थर्मामीटर लागतो, पल्सला बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, श्वासाला काही नाही, तिथे मिनिटभर उभं राहून छातीकडे बघावं लागतं, आणि तीस पेशंटच्या वॉर्डात दोन सिस्टर असताना कोण उभं राहणार. समजतं सगळं. पण सिकलसेलच्या पेशंटला हाच एक आकडा वाचवतो.

कारण पेन क्रायसिस घेऊन आलेल्या पेशंटला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अक्यूट चेस्ट सिंड्रोम होऊ शकतो. आला तेव्हा छाती साफ, एक्सरे साफ, सगळे निर्धास्त. मग बरगड्या दुखतात म्हणून खोल श्वास घेत नाही, मॉर्फीनने श्वास आणखी उथळ, पडून राहते, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथे ऑक्सिजन कमी पडतो, तिथल्या पेशी वाकड्या होतात आणि अडकतात, त्याने ऑक्सिजन अजून कमी. कधी इन्फेक्शन असतं, कधी मेलेल्या हाडातल्या मॅरोची चरबी फुप्फुसात जाते. मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये सिकलसेलने जे मृत्यू होतात त्यातलं हे अगदी वरचं कारण आहे. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ज्या पेशंटवरून हा आजार पहिल्यांदा छापला तो ग्रेनाडाहून आलेला डेंटलचा विद्यार्थी होता, वॉल्टर क्लेमेंट नोएल. तो शिकून परत गेला, प्रॅक्टिस केली, आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. आज वाचताना वाटतंच, की चेस्ट सिंड्रोमच असणार.

आपल्या मुलीचं असं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता मांड्यांचं दुखणं ४ वर आलेलं, सगळ्यांना वाटलं सुधारतेय. पोस्टिंगला आलेली एक स्टुडंट सहाचे व्हायटल घ्यायला गेली, तिला मी आदल्या दिवशी म्हटलं होतं की हिचा श्वास पूर्ण मिनिट मोज, बोलणं चालू असताना नको, पल्स धरल्यासारखं करून मोज म्हणजे पेशंट मुद्दाम बदलणार नाही. ती पळत आली, "मॅडम, बत्तीस येतंय, दोनदा मोजलं." जाऊन बघितलं तर मुलगी गप्प पडून, उजव्या कुशीवर हात दाबून धरलेला, नाकपुड्या फुलतायत. विचारलं तर म्हणे, "सिस्टर, मोठा श्वास घेतला का टोचते इथे." टेम्परेचर १०१.२, पल्स १२६, सॅच्युरेशन ९०. उजवीकडे खाली हवा कमी ऐकू येत होती.

इथे एक फरक डोक्यात पक्का करा. मॉर्फीन जास्त झालं तर श्वास मंदावतो, आठ-दहावर येतो, पेशंट उठत नाही, बाहुल्या बारीक. चेस्ट सिंड्रोममध्ये श्वास वाढतो. बत्तीस आल्यावर "मॉर्फीनमुळे असेल, पुढचा डोस थांबवू" हे उलटं आहे, दुखणं राहिलं तर ती अजूनच उथळ श्वास घेणार.

ऑक्सिजन लावला, पाठ उंच केली, डॉक्टरला फोन. फोनवर "पेशंट बरी वाटत नाही" म्हणू नका, आकडे द्या, की सिकलसेल एसएस, क्रायसिसचा तिसरा दिवस, रेस्पिरेशन वीसवरून बत्तीस, सॅच्युरेशन शहाण्णववरून नव्वद, ताप, उजव्या छातीत दुखतंय. रेसिडेंट पाच मिनिटांत आला. एक्सरेत उजव्या खालच्या भागात नवीन डाग. नवीन डाग आणि त्याबरोबर ताप किंवा श्वासाची तक्रार, एवढ्यावर निदान होतं. ब्लड कल्चर काढून सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन, सलाइन कमी करून तोंडाचं धरून सगळं मिळून दोन लिटरच्या आत, आयसीयूला कळवून ठेवलं. हिमोग्लोबिन आलं ५.९.

आता रक्त द्यायचं. तेच रक्त जे पहिल्या दिवशी नको म्हटलं होतं. मामा गोंधळले, परवा नाही म्हणत होते आज का, तर त्यांना बसवून सांगावं लागलं की परवा दुखणं होतं, आज फुप्फुस बिघडलंय म्हणून अंगाला ऑक्सिजन पोचवायचाय. ब्लड बँकेच्या फॉर्मवर "सिकलसेल" ठळक लिहा, म्हणजे नुसता एबीओ-आरएच नाही तर सी, ई आणि केल हे छोटे गट पण जुळवता येतात, पांढऱ्या पेशी काढलेली ल्युकोरिड्यूस्ड पिशवी मिळते, आणि डोनर सिकलसेलचा वाहक नाही हे तपासतात. आपल्या भागात हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण डोनर बहुतेकदा गावातलाच आणलेला असतो. पिशवी आली की दोघींनी बेडजवळ नाव, नंबर, ग्रुप मिळवायचा, अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपली पाहिजे, पहिली १५ मिनिटं तिथून हलायचं नाही. एक पिशवी दिल्यावर ७.३ झालं. सुधारली नसती तर एक्सचेंज ट्रान्सफ्यूजनला, म्हणजे तिचं रक्त काढून त्या जागी दुसरं द्यायला, पाठवायचं ठरलं होतं, त्याची वेळ आली नाही.

पण माझ्या मते तिला पिशवीइतकंच त्या तीन बॉलच्या स्पायरोमीटरने, म्हणजे खोल श्वास घेऊन बॉल उचलायच्या यंत्राने, तारलं. जागी असेपर्यंत दर दोन तासांनी दहा खोल श्वास, पेनकिलर दिल्यानंतर अर्ध्या तासाने, आधी नाही. पहिल्या दिवशी एक बॉल अर्धा उचलला जायचा. आईला शिकवलं, आई मोजायची, "अजून दोन घे बाई, मंग झोप." खरं तर हे पहिल्याच दिवसापासून सुरू करायला हवं, छातीत काही नसतानाच, पाठ-बरगड्या दुखणाऱ्या प्रत्येक क्रायसिसला. ऑर्डरची वाट कशाला बघता, आठवण करून द्या. पाचव्या दिवशी रेस्पिरेशन २२, रूम एअरवर ९५, आणि हा २२ मोजलेला होता.

बरी झाल्यावर बसून बोलता आलं. हायड्रॉक्सीयुरिया ५०० ची कॅप्सूल सुरू होती आणि सहा महिन्यांपूर्वी बंद केली, कारण शेजारणीने सांगितलं की ती कॅन्सरची गोळी आहे, पुढे मुलं होत नाहीत. कॅन्सरमध्ये वापरतात हे खरंच आहे, खोटं सांगू नका. पण सिकलसेलमध्ये कमी डोसमध्ये ती हिमोग्लोबिन एफ वाढवते, एफ असलं की एसचे दोरे नीट जमत नाहीत, क्रायसिस आणि चेस्ट सिंड्रोम दोन्ही कमी होतात. परिणाम दिसायला महिने लागतात, दुखलं की घ्यायची गोळी ती नाही. गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, मूल हवं असेल तर आधी येऊन सांगायचं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी, प्लेटलेट ८०,००० च्या खाली किंवा न्यूट्रोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फार पडले तर थांबवायची. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, वाढत गेला की समजायचं पेशंट गोळी खरंच घेतेय, हे मी स्टुडंटना नेहमी दाखवते.

तिच्या सामानाच्या पिशवीत अजून एक डबी निघाली, आयर्नच्या गोळ्या, "रक्त कमी" म्हणून कुणीतरी दिलेल्या. हिचं रक्त आयर्न कमी म्हणून कमी नाहीये, पेशी फुटतात म्हणून आहे, आणि आधी रक्त चढवलेलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, बघितल्याशिवाय आयर्न नाही. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रोज चालू ठेवायचं, मॅरोला ते लागतं.

मोठ्या भावाची तपासणी झालेली नव्हती आणि त्याची सोयरीक बघणं चालू होतं. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एस आहे की नाही एवढं सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी टेस्ट लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. हिच्या जुन्या एचपीएलसीत एस ७४ टक्के, एफ १९, ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) नाहीच. भाऊ एएस, म्हणजे वाहक, निघाला. त्याला औषध काही नाही, काम करा, पोरं होऊ द्या, फक्त मुलगी बघताना तिचा पण रिपोर्ट बघा. दोघं एएस असले तर प्रत्येक खेपेला चारातली एक शक्यता एसएसची, आणि "पहिलं एसएस झालं आता तीन चांगली होतील" असा हिशोब नसतो, दर वेळी नव्याने चारातली एक. हे बोलणं आईसमोर करताना जपून, कारण घरात लगेच "कोणाकडून आलं" सुरू होतं आणि बोट नेहमी सुनेकडे जातं. एसएस मूल म्हणजे दोन्हीकडून आलेलं, हे वडिलांना समोर बसवून सांगा.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. तपासणी होतेच आहे, पण हातात आलेल्या कार्डाचं काय करायचं ते घरी कोणी समजावलेलं नसतं, ते काम शेवटी सिस्टरवर आणि आशाताईंवर येतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, सर्टिफिकेटसाठी कुठे जायचं ते डिस्चार्जच्या दिवशीच सांगा.

डिस्चार्ज कार्डवर हिच्या हिमोग्लोबिनपुढे "बरी असताना ७.८" असं लाल पेनाने लिहून घेतलं. खाली मराठीत : ताप १०१ च्या वर, छातीत टोचणं, धाप, पोट डावीकडे फुगणं, हातापायात अचानक ताकद कमी, यातलं काहीही झालं तर घरी गोळी घेऊन थांबायचं नाही. न्यूमोकोकलची लस बाकी होती ती पुढच्या व्हिजिटला. रोवणीबद्दल आई म्हणाली, "आता नाही जाऊ देत तिले." मुलगी म्हणाली जाईन, बाटली घेऊन जाईन. मी म्हटलं पाण्यात उभी राहू नकोस, बांधावर बसून पेंढ्या सोडून दे. हायड्रॉक्सीयुरियासाठीची पहिली सीबीसी दोन आठवड्यांनी.